फाईल माळ्यावर टाकू नका: कॅन्सरचे उपचार संपल्यानंतरची कामं

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी येताना आम्ही पेढे घेतले. घरी आल्यावर सासूबाईंनी माझी जाडजूड फाईल जुन्या साडीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकायला मुलाच्या हातात दिली. म्हणाल्या, "सुटली बाई एकदाची. आता हे बाड डोळ्यांसमोर नको." मलाही तसंच वाटत होतं.

आठ महिन्यांनी शिडी लावून तीच फाईल खाली काढली. मेथी निवडताना देठ कुठला आणि पान कुठलं हे बोटांना कळेनासं झालं होतं. घराजवळच्या डॉक्टरांनी विचारलं, "केमोला कुठली औषधं होती?" मी सांगितलं, "एक लाल होतं, एक पांढरं." ते हसले नाहीत, पण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

याला सहा वर्षं झाली. माझा स्तनाचा कॅन्सर, डाव्या बाजूचा. नंतर दोनच वर्षांनी धाकट्या दिरांना गालाचा निघाला, तंबाखू-चुन्याचा. एका घरात दोन फाईली. त्यामुळे नाशिकमध्ये ओळखीत कुणाचे उपचार संपले की फोन मला येतो, "ताई, आता काय करायचं?" दर वेळी तेच सांगावं लागतं म्हणून एकदा लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत. काय विचारायचं, कुणाला विचारायचं आणि घरी काय करायचं, एवढंच आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. उपचारांनंतर मागे राहिलेला त्रास ओपीडीत कुणी आपणहून विचारेलच असं नाही. डॉक्टरांचं लक्ष आजार परत आला का याकडे असतं आणि ते बरोबरच आहे. मुंग्या, कोरडं तोंड, जड झालेला हात हे आपण सांगितलं तरच कागदावर येतं. "जीव वाचला, आता एवढ्यातेवढ्याचं काय" म्हणून गप्प बसणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. मी त्यातलीच होते. आणि यातल्या बहुतेक त्रासांवर काही ना काही करता येतं, लवकर सांगितलं तर जास्तच.

पहिलं काम: एक पान आणि एक वही

उपचार जिथे झाले तिथून बाहेर पडण्याआधी, नाहीतर पहिल्याच फॉलोअपला, ट्रीटमेंट समरी मागा. हाच शब्द वापरा, म्हणजे काम पटकन होतं. डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा म्हणजे समरी नव्हे. त्या एका पानावर इतकं हवं: बायोप्सीचा निकाल आणि स्टेज, ऑपरेशन कुठलं झालं आणि किती लिम्फ नोड (लसग्रंथी) काढले, केमोच्या प्रत्येक औषधाचं नाव, किती सायकल, एकूण डोस किती झाला, रेडिएशन नेमकं कुठल्या भागावर, किती ग्रे (हे रेडिएशनच्या डोसाचं माप), किती सिटिंगमध्ये, आणि सध्या चालू असलेली गोळी कधी सुरू झाली व किती वर्षं घ्यायची.

एवढं खोलात कशाला, असं वाटेल. ते "लाल सलाईन" म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याचा आयुष्यभराचा एकूण डोस मोजला जातो, कारण तो जितका वाढतो तितका हृदयाला धोका वाढतो. उद्या पुन्हा कधी केमोची वेळ आली तर आधीचा आकडा लागतो. रेडिएशनचंही तसंच. जबड्याला किती मिळालं हे दिरांच्या दातांच्या डॉक्टरांना कळल्याशिवाय ते दाताला हात लावत नाहीत, आणि लावूही नये.

कागद टिकत नाहीत हेही लक्षात ठेवा. ईसीजीची ती गुळगुळीत पट्टी दोन वर्षांत कोरी होते. सीडी पुढे कुठल्या मशीनवर चालेल याचा भरवसा नाही. सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही पाठवून ठेवा. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाईड (तपासलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) कुठे आहेत ते लिहून ठेवा. माझ्या एका जुन्या तपासणीची प्रत मागायला गेले तर रेकॉर्डरूममध्ये सांगितलं, "कॉम्प्युटर बदलला, मागचं दिसत नाही." तिथे दोन चकरा मारल्या, तिसरी मारली नाही. चूक माझीच, वेळेवर झेरॉक्स काढली नव्हती.

वही साधी शंभर पानी घ्या. तारीख, काय होतंय, किती दिवस, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. रोज लिहायची गरज नाही. काही नवं झालं की लिहायचं.

थकवा

उपचारांनंतरचा थकवा झोपेने जात नाही. सकाळी उठतानाच वाटतं, दिवस संपला. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात अवघड, कारण केस परत आलेले असतात, चेहऱ्यावर तेज आलेलं असतं. "आता तर चांगली दिसतेस!" असं म्हणत माझ्या नणंदेने दिवाळीच्या चकल्यांचं पीठ माझ्यापुढे ठेवलं होतं. तिचा राग आला नाही, पण सोऱ्या फिरवता येईना तेव्हा रडू आलं.

आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२. यातलं काही सापडलं तर थकव्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. झोप लागते का, मन उदास आहे का, हेही डॉक्टरांना सांगा.

मग चालायचं. दमलेल्या माणसाला चालायला सांगणं क्रूर वाटतं, पण या थकव्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय व्यायामच आहे, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाच मिनिटांपासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात अर्धी फेरीही झाली नाही, कठड्यावर बसून लोकांचे बूट बघत राहिले. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत गेले. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस हातापायांना थोडं वजन, असं मोठ्यांसाठीचं साधारण उद्दिष्ट असतं. तिथे पोचायला मला वर्ष लागलं. कृषीनगरचा ट्रॅक जवळ असेल तर तिथे जा, काहीच नसेल तर गच्ची आहे.

जड कामं सकाळी उरका. पाहुणे आणि लग्न एकाच दिवशी धरू नका.

बधिर हातपाय

पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, ऑक्सालिप्लॅटिन, सिसप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन ही औषधं झाली असतील तर हातापायांच्या टोकांपासून मुंग्या, बधिरपणा, जळजळ सुरू होऊ शकते, मोजे-हातमोजे घातल्यासारखी. ऑक्सालिप्लॅटिन आणि सिसप्लॅटिनमध्ये केमो थांबल्यावरही काही महिने ती वाढू शकते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. बहुतेकांची हळूहळू कमी होते. काहींची राहते. माझी पावलांत राहिली आहे. सिसप्लॅटिन घेतलेल्यांनी कानात सतत आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, तेही सांगावं.

जेव्हा पाय काही सांगत नाहीत तेव्हा डोळ्यांनी काम करायचं. रात्री झोपताना दोन्ही तळवे आरशात बघते. एकदा स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आले आणि मागे वळून पाहिलं तर एक चप्पल ओट्यापाशीच राहिली होती, पायातून सुटलेली कळलीच नाही. त्या दिवसापासून मागे पट्टा असलेली सँडल. अंघोळीचं पाणी कोपराने बघा, हाताच्या बोटांवर विसंबू नका. रात्री बाथरूमपर्यंत दिवा हवा.

इथलं सांगायचं तर दोन गोष्टी. थंडीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा बधिर पायांचं दुखणं वाढतं. लोकरीचे मोजे घाला, पण पाय शेकोटीजवळ नेऊ नका, भाजलेलं कळत नाही. दुसरं, देवळात अनवाणी. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या दगडी फरशीवर माझ्या ओळखीच्या एका आजींनी प्रदक्षिणा पूर्ण केली, घरी आल्यावर सुनेला तळव्यावर फोड दिसला. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायचा नवस असेल तर सरळ बूट घालून करा. त्र्यंबकराजा समजून घेतो.

औषधाचं: दुखत असेल तर डुलोक्सेटिन नावाची गोळी काहींना उपयोगी पडते, ती डॉक्टर ठरवतील. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरनंतरची रोजची गोळी) चालू असेल तर कुठलीही नवी गोळी सुरू करण्याआधी तसं आवर्जून सांगा, काही गोळ्या एकमेकींच्या आड येतात. बी-१२ तपासा, शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्कीच. पण मेडिकलवाल्याकडून "नसांची गोळी" घेऊन वर्षभर खाऊ नका. बी-६ जास्त प्रमाणात फार दिवस गेलं तर त्यानेच नसा बिघडतात.

जड झालेला हात

काखेतले नोड काढले असतील किंवा तिथे रेडिएशन झालं असेल, तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. लगेच येईल, पाच वर्षांनी येईल किंवा कधीच येणार नाही. सुरुवात सुजेने होत नाही. हात जड वाटतो, ब्लाऊजची बाही घट्ट होते, बांगडी निघत नाही.

मोजायची सवय लावा. शिंप्याचा टेप घ्यायचा, महिन्याच्या एक तारखेला, सकाळी. मनगट, कोपराखाली दहा सेंटिमीटर आणि कोपराच्या वर दहा सेंटिमीटर, दोन्ही हातांचे आकडे वहीत. आपण उजवखोरे असलो तर उजवा मुळातच थोडा जाड असतो, म्हणून फरक वाढतोय का ते बघायचं. दोन्हींत दोन सेंटिमीटरच्या वर फरक गेला, किंवा दोन महिने सलग वाढत राहिला, तर लिम्फेडिमा, म्हणजे ही सूज, समजणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. सगळे फिजिओ हे करत नाहीत, फोनवरच विचारा.

दाब देणारी बाही मापानेच घ्यायची. एका बाईंनी शेजारणीची वापरली, मनगटापाशी वळ उठला आणि पंजा सुजला. बाही सैल झाली की काम करत नाही, रोज वापरली तर साधारण सहा महिन्यांत बदलावी लागते.

पूर्वी सांगायचे, त्या हाताने काही उचलू नका. आता तसं नाही. हळूहळू वाढवत नेलेलं वजन चालतं, उलट हात मजबूत राहतो. मी अर्ध्या किलोच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात केली. एकदम भरलेला हंडा मात्र नको. खांदा आखडला असेल तर भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम रोज. काल पोचलात तिथे पेन्सिलीने खूण करा.

जखम टाळणं सगळ्यात महत्त्वाचं. कढईतून पुऱ्या काढताना, गुलाबाला हात लावताना, भांडी घासताना हातमोजा घाला. लग्नात चुडा भरताना कासारीण हात दाबून दाबून काचेची बांगडी चढवते, एखादी फुटते, ओरखडा उठतो. मी दुसरा हात पुढे करते आणि या हातात सैलसर धातूची बांगडी घालते. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या बायकांना हे जास्त लागू: द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला आणि खरड छाटणीला लांब बाहीचा शर्ट आणि हातमोजे घातल्याशिवाय बागेत जायचं नाही. रक्त काढायला, बीपी बघायला शक्यतो दुसरा हात द्या. अपघाताच्या घाईत या हाताला सुई टोचली म्हणून काही आकाश कोसळत नाही.

हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर ढकलू नका, त्याला अँटिबायोटिक लागतं. खालच्या पोटातले किंवा जांघेतले नोड काढलेल्यांना हेच सगळं पायाच्या बाबतीत.

तोंड आणि जबडा

हा भाग दिरांकडून शिकले. भाऊजी गंगापूर रोडला दुकान चालवतात, बोलण्यावर पोट. गाल आणि मानेचं ऑपरेशन झालं, मग तीस सिटिंग रेडिएशन. आजार गेला, पण तोंड उघडेना.

स्वतःची अंगठ्याशेजारची तीन बोटं एकावर एक उभी करून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर आजपासून व्यायाम. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तितक्या, अर्धा मिनिट थांबायचं. रोज अनेकदा. मधूनमधून एक काडी वाढवायची. भाऊजी अकरा काड्यांवर होते, आता सतरा. गल्ल्याशेजारी काड्यांचं बंडल असतं, गिऱ्हाईक नसलं की तोंडात. हा व्यायाम सुटला की जबडा पुन्हा आखडतो, रेडिएशनला वर्षं उलटली तरी. दोन आठवडे मुंबईला लग्नाला गेले आणि दोन काड्या घालवून आले.

लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. फ्लोराईडची पेस्ट, मऊ ब्रश, घोट-घोट पाणी, सहा महिन्यांनी दातांचे डॉक्टर. गोड गोळ्या चघळू नका, बिनसाखरेचा च्युइंगम चालतो. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जबड्याला रेडिएशन झालं असेल तर दात काढण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचं. जखम भरत नाही, हाड मरू शकतं, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. दाढ दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन "काढून टाका" म्हणायचं नाही.

मानेला रेडिएशन असेल तर थायरॉईड हळूहळू मंदावू शकतं. टीएसएच ही त्याची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. वजन वाढतंय, थंडी वाजतेय, सुस्ती आहे, हे वयामुळे नसेल कदाचित.

खाण्याचं: भाकरी दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून, भाताला तुपाचा हात सैल. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची म्हणजे शिक्षाच. भाऊजींनी वर्षभराने पहिल्यांदा खाल्ली: रस्सा दोन चमचे, बाकी दही, फरसाण भिजून लगदा झाल्यावर. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं होतं असं त्यांचं म्हणणं. गिळताना ठसका लागत असेल, खाताना खोकला येत असेल, तर स्पीच थेरपिस्ट गिळण्याचाही व्यायाम शिकवतात.

तंबाखूचं काय, हे सांगायला नको. पण पुन्हा तलफ आलीच तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडायला मदत मिळते. भाऊजींनी दोनदा लावला होता.

हृदय, हाडं

डॉक्सोरुबिसिन, ट्रास्टुझुमॅब किंवा डाव्या छातीला रेडिएशन झालं असेल तर पुढे केव्हा केव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा ते डॉक्टरांना विचारून वहीत लिहा. आधी दम न लागता चढायचात त्या जिन्यावर आता दोनदा थांबावं लागतं, रात्री आडवं झालं की गुदमरतं, पायांवर सूज येते, हे थकव्याच्या नावावर खपवू नका. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं हेही हृदयाचंच काम. पांडवलेणीच्या पायऱ्या मी वर्षातून एकदा मुद्दाम चढते आणि किती ठिकाणी थांबले ते लिहून ठेवते.

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात आणि सकाळी सांधे धरतात. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) सुरुवातीला आणि मग साधारण दोन वर्षांनी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तितकं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी महिनोन्महिने आपल्या मनाने घेऊ नका. सांधे दुखतात म्हणून गोळी गुपचूप बंद करणाऱ्या मला तिघी भेटल्या. बंद करू नका, जाऊन सांगा, त्याच गटातली दुसरी गोळी देऊन बघता येते. टॅमॉक्सिफेनवर असाल आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेलं, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं, तर लगेच दाखवा.

जे कुणी विचारत नाही

अंग गरम होऊन घाम फुटणं, पाळी अवेळी जाणं, योनीत कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं. पुरुषांना ताठरतेची अडचण. हे सगळं उपचारांमुळे होतं आणि यावर उपाय आहेत. नवरा बाहेर बाकावर बसला असताना बाई डॉक्टरांना विचारणं मला सोपं गेलं. पाण्यावर आधारित वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. हार्मोन असलेली मलमं मात्र न विचारता वापरू नका, माझ्यासारखा कॅन्सर असेल तर विशेष. गर्भाशयाच्या मुखाला रेडिएशन झालं असेल तर डायलेटर (योनीमार्ग मोकळा ठेवणारी नळी) वापरायला सांगतात. ते लाजून कपाटात टाकलं तर मार्ग आक्रसतो आणि पुढची तपासणीही अवघड होते. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं धरून चालू नका.

ओटीपोटाला रेडिएशन झालेल्यांना महिन्यांनी, कधी वर्षांनी शौचातून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकतं. मूळव्याध समजून घरगुती औषध करत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करणाऱ्याला रेडिएशन झालं होतं हे आधी सांगा.

विसरभोळेपणाही खरा आहे. मी गॅसवर दूध ठेवून अंघोळीला गेले, तीनदा. आता मोबाईलचा गजर लावते. आणि तपासणीच्या आधीचा आठवडा वाईट जातो, सहा वर्षांनंतरही. पाठ दुखली तरी वाटतं, आलं परत. मन फारच खालावलं तर टेली-मानसचा १४४१६ क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

द्राक्षांचं एक

पिंपळगावच्या एका बागायतदारांना इमॅटिनिब ही कॅन्सरची गोळी चालू आहे. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, "या गोळीवर ग्रेप चालत नाही." त्यांनी दोन हंगाम स्वतःच्या बागेतला एक मणी तोंडात टाकला नाही. सूचना ग्रेपफ्रूटची आहे. ते आंबट फळ पपनसाच्या कुळातलं, त्याचा द्राक्षाशी संबंध नाही. द्राक्षं धुऊन खुशाल खा, पपनस टाळा. काढे, भस्मं, "प्रतिकारशक्तीची पावडर" घेत असाल तर डबी फॉलोअपला घेऊन जा आणि दाखवा. ओरडतील या भीतीने लपवू नका.

मुलांचं

लहानपणी ज्यांचे उपचार झाले त्यांची वाढ, पौगंडावस्था, हृदय, शाळेतला अभ्यास, पुन्हा द्यायच्या लसी, हे सगळं वर्षानुवर्षं बघावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. मूल मोठं झालं, लग्नाला आलं, तरी त्याची समरी त्याच्या हातात द्या. सोयरिकीत अडचण नको म्हणून मुलापासूनच आजार लपवलेली घरं मला माहीत आहेत.

कुठे जायचं, पैसे कसे वाचवायचे

फॉलोअपच्या तारखा डॉक्टर देतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने, आणि दरवर्षी मॅमोग्राफी. काही लक्षण नसताना "एकदा पेट स्कॅन करून घेऊ" असा हट्ट धरू नका. माझ्यासारख्या आजारात त्याचा फायदा दिसलेला नाही आणि खर्च मोठा.

साध्या रक्ततपासण्यांना प्रत्येक वेळी मोठं हॉस्पिटल लागत नाही. त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथे कॅन्सर आणि हृदय दोन्हींचे विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जाऊन तुमचा त्रास बसतो का विचारा, भरती झाल्यावर नको. योजनेचा फोन १५५३८८. दाबाची बाही आणि दातांचं काम खिशातूनच धरून चाला. रोजच्या गोळीसाठी जनऔषधी केंद्रात किंमत विचारा, फरक बघून मी दोन मिनिटं तिथेच उभी राहिले.

मुंबईला तपासणीला जात असाल तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या. स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के सवलत, सोबतच्या माणसालाही सवलत आहे. म्हणजे नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरून दादरला उतरायचं तर ७५ टक्क्यांचा हिशेब. आरोग्यविमा नव्याने काढताना आजार लपवू नका, दावा त्याच कारणाने नाकारतात.

ओपीडीत काय बोलायचं

डॉक्टरांच्या पुढ्यात बसलं की सगळं विसरायला होतं. "कशा आहात?" विचारलं की तोंडातून "बरी आहे" निघून जातं. म्हणून चिठ्ठी. चारच ओळी, सगळ्यात त्रासदायक गोष्ट सगळ्यात वर, आणि "खूप", "जरा" या शब्दांऐवजी आकडे. माझी मागच्या वेळची अशी होती:

डावा हात कोपराखाली दीड सेंटिमीटर जास्त, दोन महिन्यांपूर्वी अर्धा होता. पावलं बधिर, तेवढीच, पण रात्री जळजळ नवी. सकाळी गुडघे धरतात, सुटायला पाऊण तास. डेक्सा होऊन दोन वर्षं झाली.

डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. पहिल्या ओळीखाली रेघ मारून फिजिओकडे कागद दिला, दुसरीपुढे बी-१२ लिहिलं, चौथीपुढे नुसतं "करा". गुडघ्यांसाठी गोळी बदलून बघायची ठरली आहे. फरक पडला की नाही ते तीन महिन्यांनी कळेल, तोवर किती मिनिटं लागतात ते रोज सकाळी वहीत लिहितेय.